सुभेदार प्लग काढतात

पुण्याहून आलेला तो टायवाला माणूस बोलण्याच्या भरात होता. टेबलावर त्याचा कॉम्प्युटर, पडद्यावर एका काल्पनिक वधूची अर्धी भरलेली माहिती, आणि त्याच्या तोंडात 'सर, हे इतकं सोपं आहे की' एवढंच वाक्य. तेवढ्यात सुभेदार उठले, भिंतीपाशी गेले, वाकले आणि त्यांनी प्लग उपसून काढला. पडदा काळा झाला. खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला.

"सर, हे काय केलंत?"

"लाईट गेली आसं समजा," सुभेदार म्हणाले. "आता लावा परत, आन् मगाची पोरगी दाखवा."

पोरगी सापडली नाही. भरलेलं सगळं गेलं होतं. प्रत्यक्ष वापरताना मधूनमधून सेव्ह करायचं असतं, यूपीएस घ्यायचा असतो, असं टायवाल्यानं घाम पुसत सांगितलं. सुभेदारांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला, पोवई नाक्यापर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "यूपीएस घ्यायचा असतो म्हनं. म्हंजी लाईट जाती हे त्याला ठावं व्हतं. मग आधी का न्हाई बोलला?"

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. नाव, गाव, पत्ता ही माणसाची उघडी बाजू असते, ती कुणाच्याही हातात द्यायची नसते, असं ते मानायचे. सगळे त्यांना सुभेदार म्हणत. मूळचे म्हसवडजवळच्या एका वाडीचे. लष्करात वायरलेसवर होते. निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलं आणि पुढच्या खोलीत वधू-वर मंडळ काढलं. आपल्या बौद्ध समाजाची माणसं पांगलेली. कुणी मुंबईत रेल्वेत, कुणी पुण्यात कारखान्यात, कुणी अजून गावातच. कुणाची मुलगी लग्नाची आहे हे कुणाच्या मुलाला कळायचं नाही. ती गाठ घालून द्यायची म्हणून हे मंडळ. वर्षाची सभासद फी, आणि दर काही महिन्यांनी सभासदांना टपालानं जाणारी एक छापील पुस्तिका. एवढाच कारभार होता.

मी सांगलीची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून साताऱ्यात मावशीकडे राहत होते. सुभेदारांना ऑपरेटर हवी होती. मुलाखतीला गेले तर त्यांनी कॉम्प्युटरबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"एका पोरीचा पत्ता तुला ठावा हाय," ते म्हणाले. "तुझ्या सख्ख्या भावानं मागितला. देशील?"

"नाही."

"का न्हाई?"

"त्याला कशाला हवाय ते आधी विचारीन. आणि तिला विचारीन."

"उद्याधरनं ये," ते म्हणाले.

त्यांच्यासारखा धास्तावलेला माणूस मी पाहिला नाही. बसायचे ते दाराकडे तोंड करून. मुलींचे फोटो टेबलावर कायम पालथे. पाहुणा आला की त्याला हवा तेवढाच फोटो उलटा करून दाखवायचे आणि लगेच पालथा घालायचे. फोनवर मुलीचं नाव कधी घेत नसत, नंबर सांगत. अक्षरं सांगायची त्यांची जुनी वायरलेसची सवय गेली नव्हती: "क, कराडचा क. म, मेढ्याचा म. व, वाईचा व." आणि बोलणं संपलं की "ओव्हर." समोरच्यानं नुसता फोन ठेवला तर त्यांना ते चालायचं नाही. ते पुन्हा फोन लावून विचारायचे, "तुमचं ऐकून झालं का?"

आभाळात नुसतं गडगडलं तरी फोनची वायर काढून ठेवायचे. वीज पडली तर मोडेम जळेल म्हणून. त्या वर्षी वर्तमानपत्रांत दोन हजार सालाच्या घोटाळ्याची चर्चा होती. कॉम्प्युटर सालाचे शेवटचे दोनच आकडे मोजतात, त्यामुळं नवीन साल उजाडलं की सगळे हिशेब उलटे होतील, वगैरे. सुभेदारांनी कॉम्प्युटरचं कॅलेंडर पुढं सरकवायला लावलं. आमच्या जुन्या प्रोग्रॅमनं चौऱ्याहत्तर सालच्या मुलीचं वय उणे चौऱ्याहत्तर दाखवलं. मी हसले. ते हसले नाहीत. "बापाला हे दाखवायचं का आपन?" ते म्हणाले, आणि दिवसभर त्या उणेच्या चिन्हाकडे बघितल्यासारखे बसून राहिले.

ही धास्ती उगाच नव्हती. ते मला काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं सांगितलं. मंडळाच्या पहिल्या पुस्तिकेत मुलींचे पूर्ण पत्ते छापले होते. त्या वेळी सगळेच छापायचे. वाईजवळच्या एका मुलीला कुणीतरी घाणेरडी पत्रं पाठवायला लागला. उघड्या पोस्टकार्डावर. पोस्टमननं वाचली, मग गावानं वाचली. वडिलांनी मुलीचं कॉलेज बंद केलं. "तवापासनं ह्येंचं आसंच," काकी म्हणाल्या. "जेवताना मधीच उठत्यात आन् दाराला कडी हाय का बगून येत्यात."

आता प्रश्न असा होता की मंडळ चालायचं कसं. मुलं पुण्या-मुंबईत कॉम्प्युटरसमोर बसत होती, त्यांना टपालाची पुस्तिका जुनाट वाटायची. "नेटवर टाका की," असं जो तो सांगायचा. सांगलीच्या एका मंडळानं वेबसाईट काढली होती, आणि आमचे सभासद फी भरायच्या वेळी तिकडं वळत होते. काहीतरी निवडायलाच हवं होतं, नाहीतर मंडळ बंद पडणार, हे सुभेदारांनाही कळत होतं.

त्यांचा प्रत्येकाला एकच प्रश्न असायचा. "आत कसं शिरायचं ते समदी सांगत्यात. भायेर कसं पडायचं ते सांगा."

पुण्याच्या त्या तयार सॉफ्टवेअरला बाहेर पडायची वाटच नव्हती. कॉम्प्युटरच्या मागं, प्रिंटरची वायर लागते तिथं, एक प्लास्टिकचं कुलूप बसवायचं. ते असलं तरच प्रोग्रॅम चालणार.

"कुलूप हरवलं तर?" सुभेदारांनी विचारलं होतं.

"नवीन घ्यावं लागेल."

"कंपनी हरवली तर?"

त्यावर टायवाला हसला होता, तो विनोद समजून. शिवाय त्या प्रोग्रॅमचं मराठी त्यांच्याच फॉन्टमध्ये. त्याच्याकडची नमुन्याची माहिती फ्लॉपीवर घेऊन मी आमच्या मशीनवर उघडली तर नावांच्या जागी बुरशी आल्यासारखी खुणाखुणांची रांग. सुभेदार बराच वेळ पडद्याला नाक लावून बघत राहिले. "ह्या समद्या पोरी हायेत व्हय गं?" त्यांनी विचारलं.

मग मी त्यांना राजवाड्याजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेले. फुकटात वेबसाईट बनवून देणाऱ्या जागा तेव्हा निघाल्या होत्या. मी एक नमुन्याचं पान करून ठेवलं होतं, 'कुमारी चाचणी, बी.ए.' असं. पान हळूहळू उघडलं. वर मंडळाचं नाव, खाली कुमारी चाचणी, आणि दोन्हींच्या मधोमध, कुणी न सांगता, एक जाहिरातीची पट्टी लुकलुकायला लागली. तीत एक अपुऱ्या कपड्यांतली बाई डोळा मारत होती. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पडद्यावर धरली. शेजारची कॉलेजची मुलं वळून बघायला लागली. "बंद कर," ते दबक्या आवाजात म्हणाले. "टोपी काढायच्या आत बंद कर."

मला स्वतःला मुंबईच्या एका मोठ्या वेबसाईटचं पटलं होतं. त्यांचा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता. सगळं त्यांनीच करायचं, आम्ही नुसती नावं द्यायची. पानं सुंदर, फोटोला जागा, पासवर्ड. प्लग काढून बघायचीही सोय नव्हती, कारण लॅपटॉप बॅटरीवर चालत होता. सुभेदारांनी तरी एकदा काढून बघितलाच.

"ही मेंबरं कुनाची ऱ्हातील?"

"आपल्या दोघांची, सर."

"उद्या आमी मंडळ तुमच्याकडनं काढून घ्येतलं, तर नावं परत मिळत्याली?"

"सर, पण काढून कशाला घ्याल?"

"मी कुठं म्हंतोय घ्येनार? वाट हाय का इचारतोय."

वाटेबद्दल तो वरच्या ऑफिसला विचारून सांगणार होता. सुभेदारांनी तोवर कुमारी चाचणीला तिथं नोंदवायला सांगितलं, खाली आमचा फोन नंबर देऊन. हे फक्त दाखवण्यापुरतं आहे, बाहेर कुणाला दिसणार नाही, असं त्या माणसानं छातीवर हात ठेवून सांगितलं. त्याच आठवड्यात नागपूरहून एका गृहस्थांचा फोन आला. मुलगी पसंत होती. मुलगा बँकेत होता. त्यांची माफी मागता मागता सुभेदारांचं तोंड पार उतरलं. फोन ठेवून ते म्हणाले, "बिचाऱ्यानं दोनदा इचारलं, मुलीला गाण्याची आवड हाय का म्हून." त्यानंतर मी मुंबईचं नाव काढलं नाही.

शेवटी आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. सुहास म्हणून माझ्या ओळखीचा एक मुलगा विश्रामबागेत दोन खोल्यांत प्रोग्रॅम लिहायचं काम करायचा. सुभेदारांनी त्याच्याकडे शिरल्या शिरल्या प्लग कुठं आहे ते बघून ठेवलं आणि बोलता बोलता काढला. सुहासनं नुसतं वर बघितलं, उठला, प्लग परत लावला. मशीन सुरू झालं. शेवटची ओळ गेली होती, बाकीचं होतं.

"येक वळ गेली," सुभेदार म्हणाले.

"हो. तेवढी जाणार. ती कशी वाचवायची ते मला अजून जमलेलं नाही."

"आन् आमची माहिती कुनी चोरली तर?"

"कशी चोरतील ते सगळं मला माहीत नाही," सुहास म्हणाला. "म्हणून मी म्हणेन की पत्ते आणि फोन नंबर साईटवर टाकूच नका. ते तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवा, आणि त्याला फोनची वायर लावू नका. साईटवर नुसता नंबर, वय, शिक्षण, नोकरी, तालुका. आणि सोडून जायचं असेल तर सगळी नावं साध्या फाईलमध्ये फ्लॉपीवर देईन."

परतीच्या एसटीत कराड आल्यावर सुभेदार म्हणाले, "दोन बारीला 'माहीत न्हाई' म्हनला. ह्येच्याकडंच करूया."

साईट सुरू झाली. मंडळाचा फोन एकच होता, त्यामुळं नेट लावलं की फोन बंद आणि फोन आला की नेट बंद. मोडेमचं ते केकाटणं सुरू झालं की सुभेदार दारात जाऊन उभे राहायचे, कुणी फोन करत असेल तर त्याला लागत नसेल या काळजीनं. पण नवे सभासद येत होते. पुण्याची, मुंबईची मुलं चिठ्ठी पाठवून साईट उघडायचा पासवर्ड मागत होती. पसंती आली की आम्ही आधी मुलीकडच्यांना विचारायचो, त्यांनी होय म्हटलं तरच पत्ता. काकी म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी हे जेवताना उठले नाहीत.

आमच्या सभासदांत एक बालवाडीची शिक्षिका होती. तिला इथं मी मंगल म्हणते. घटस्फोट झालेला, एक लहान मुलगी. नवरा मारायचा. घटस्फोटानंतरही तो मेढ्याकडच्या तिच्या माहेरी येऊन दारं फोडायचा, म्हणून तिचा भाऊ तिला घेऊन कडेगावला राहायला गेला होता. तिथं तो साखर कारखान्यात फिटर होता. नाव नोंदवायला दोघं आली तेव्हा तिनं एकच अट घातली होती. "त्या मान्साला मी कुटं हाय ते कळता कामा नये." सुभेदारांनी तिला शब्द दिला होता.

एके दिवशी सकाळी एका नव्या सभासदाचा फोन आला. पनवेलचा, विधुर, असं त्यानं फॉर्मात लिहिलं होतं. मंगलच्या नंबरला पसंती कळवली होती आणि पत्ता मागत होता. माझ्यासमोरच सुभेदार त्याच्याशी बोलत होते. फोनमधला आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"बाईंना येक मुलगी हाय. ते चालंल ना तुमाला?" सुभेदारांनी विचारलं.

"चालेल की. पिंकीला पोटच्या पोरीसारखं सांभाळीन."

सुभेदारांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "बरं," ते म्हणाले. "बाईंना इचारतो. दुपारनंतर फोन करा. ओव्हर."

फोन ठेवला तरी त्यांचा हात रिसीव्हरवरच राहिला.

"पोरी, साईटवर मंगलच्या लेकीचं नाव हाय?"

"नाही. 'एक मुलगी' एवढंच आहे."

"मग ह्येला पिंकी कुनी सांगितली?"

मी साईटवरचं तिचं पान डोळ्यांसमोर आणलं. वय. उंची. डी.एड. घटस्फोटित, एक मुलगी. बालवाडी शिक्षिका, तालुका कडेगाव. तिच्याबरोबर संसार केलेल्या माणसाला एवढं खूप होतं. पत्ता मिळाला नाही तरी तो एसटीत बसून कडेगावच्या स्टँडवर उतरू शकत होता आणि बालवाडी कुठं म्हणून विचारू शकत होता.

"नाव झाकलं, पत्ता झाकला," सुभेदार म्हणाले. "बाई झाकली न्हाई आपन."

त्यांनी सुहासला फोन लावला. "मंगलचं पान काड. आत्ता. न्हाई, थांब, समदी साईटच बंद कर. कारनं मागनं सांगतो." आम्ही दोघं फोनपाशी तसेच उभे राहिलो. काही वेळानं सुहासचा फोन आला: बंद केली. मग कारखान्यात भावाला फोन. लागेना. पुन्हा लावला, लागेना. सुभेदारांनी चपला घातल्या. "चल," म्हणाले. काकी दारात येऊन काय झालं विचारत होत्या. त्यांना उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

कराडला गाडी बदलली. स्टँडवर मी चहाचं विचारलं तर त्यांनी मान हलवली. प्रत्येक उतारूच्या तोंडाकडे ते बघत होते, जणू त्यांच्यातलाच कुणी तो असेल. त्याला आम्ही कुणीच पाहिलेलं नव्हतं. फॉर्मावरचा फोटो त्याचाच कशावरून? कडेगावच्या गाडीत त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "त्यानं आत्ताच तर फोन केला. तो अजून तिकडंच असेल."

"तिकडं म्हंजी कुटं? फोन काय, कराडातनं बी करता येतोय."

त्यानंतर मीही दांडा धरून बसले.

बालवाडीला कुलूप होतं. सुभेदारांनी ते हातात घेऊन ओढून बघितलं. समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली. "आवं, बाई न्हाईत. पोरास्नी डोस पाजाया दवाखान्यात घिऊन गेल्यात." आम्ही दवाखान्याकडे जवळजवळ पळत गेलो. कंपाउंडच्या भिंतीला लागून मुलांची रांग बसली होती, आणि मंगल एका रडक्या पोराचं नाक पुसत होती. पिंकी तिच्या पदराला धरून होती. आम्हाला बघून मंगल उठली.

"जयभीम, सुभेदार. इकडं कसं?"

सुभेदारांना दम लागला होता. त्यांनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. फोन, पनवेल, पिंकीचं नाव. ऐकताना तिनं पिंकीला उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी मुलगी.

"काळजी करू नका," सुभेदार म्हणाले. "तुमचं नाव काडून टाकलंय. पार पुसलं. आता कुनालाच दिसनार न्हाई."

"काढलंसा?" ती म्हणाली. "कुनाला इचारून?"

"आवं, तुमच्यासाठीच..."

"सुभेदार, त्येच्या भ्यानं मी सासर सोडलं. मग म्हायेर सोडलं. माझ्यापायी भावानं गाव सोडलं. इतं रस्त्यानं चालती तर मागं वळून वळून बगती. येका तुमच्या मंडळात माझं काय तरी लिवून ठेवलं व्हतं, की ही येक बाई हाय, शिकल्याली हाय, हिला संसार करायचाय. ते बी तुमी पुसलंसा. मग त्यो येगळं काय करत व्हता?"

रांगेतली पोरं टकामका बघत होती. सुभेदारांनी टोपी काढली, हातात धरली, आणि तिच्यासमोर तसेच उभे राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम खाली ओघळत होता. तो त्यांनी पुसला नाही.

"माझं चुकलं, बाई," ते शेवटी म्हणाले.

मला त्यांनी संध्याकाळच्या आत साताऱ्याला परत पाठवलं. स्वतः राहिले, मंगलच्या भावाकडे. भावाला घेऊन पोलिसांत अर्ज दिला, बालवाडीच्या आसपासच्या घरांत सांगून ठेवलं. दुपारनंतर मंडळात त्या माणसाचा फोन आला तेव्हा काकींनीच तो घेतला आणि "मालक घरात न्हाईत" एवढंच सांगितलं. दोन-तीन दिवसांनी सुभेदार परतले. दारात पाय धुताना मला सांगितलं, "आला व्हता. स्टँडवर उतरला आन् बालवाडी कुटं म्हून इचाराया लागला. आवाजावरनं वळखला मी. भाऊ व्हता, पोलीस व्हता, चार बाप्ये व्हते. मी म्हनलं, पनवेलच्या पाव्हण्या, चहा घेनार का? पळाया बगत व्हता. पोलिसांनी ठेवून घेतला. परत येनार न्हाई म्हून लिवून घेतलंय त्येच्याकडनं." एवढं बोलून त्यांनी टॉवेल मागितला. टॉवेल त्यांच्या हातातून एकदा खाली पडला.

साईट बरेच दिवस बंद राहिली. सभासद चिडले, काही सोडून गेले. सुभेदार सांगलीच्या वाऱ्या करत होते. सुहासला त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली, आणि ती त्या वेळच्या कुठल्याच तयार सॉफ्टवेअरमध्ये नव्हती: काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे मंडळानं ठरवायचं नाही, मुलीनं ठरवायचं. एकेक ओळ. सुहास कंटाळला, म्हणाला, एवढं कुणी विचारत बसत नाही. "म्हूनच तर," सुभेदार म्हणाले.

मग ते फोनवर बसले आणि एकेका मुलीला, तिच्या वडिलांना नव्हे, तिला, सगळ्या ओळी वाचून दाखवायला लागले. वडील चिडायचे. सुभेदार म्हणायचे, "रागावू नका, जरा तिला द्या फोन." मंगलला त्यांनी कारखान्याच्या फोनवर बोलावून घेतलं.

"शिक्षण दाखवू?"

"दाखवा."

"येक मुलगी हाय, हे?"

"दाखवा. ती काय लपवायची चीज हाय?"

"तालुका न्हाई दाखवत मग."

"का न्हाई? गाव बी लिवा."

सुभेदारांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्या कडेगावच्या गाडीतही नाही.

"गाव लिवा म्हंती."

"मग लिहूया."

"परत कोन आला तर?"

मंगलचा आवाज रिसीव्हरमधून बारीक येत होता. "सुभेदार, ऐकताय न्हवं? ज्येला कळू नये आसं वाटत व्हतं त्येला कळलंच हाय. आता बाकीच्यांना का नको?"

मी कीबोर्डकडे हात नेला तर त्यांनी मला थांबवलं. स्वतः खुर्ची ओढून बसले आणि एका बोटानं, एकेक कळ शोधत, गावाचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर मला विचारलं, बरोबर आहे का. बरोबर होतं.

तिचं पान साईटवर गेल्यापासून सुभेदार फोनपाशीच असायचे. घंटा वाजली की दचकायचे. असे बरेच दिवस गेले. मग एकदा म्हसवडहून एका वयस्क गृहस्थांचा फोन आला. त्यांचा मुलगा शाळेत शिक्षक होता, बायको आजारात गेलेली. मंगलची माहिती त्यांनी नातवाकडून वाचून घेतली होती. पुढं ते लग्न झालं, आणि मंगलनं बालवाडी सोडली नाही. तिच्या नवऱ्यानं कडेगाव तालुक्यात बदली मागून घेतली. पण मला त्या लग्नापेक्षा तो फोन आठवतो.

सुभेदार प्रश्न विचारतच होते. मुलगा पितो का? राग आला की काय करतो? ताट आपटतो का? पयल्या बायकोच्या म्हायेरची मान्सं अजून येत्यात का घरी? बाईंनी नोकरी करायची म्हनली तर? लेकीला शाळेत कुनाचं नाव लावनार? पलीकडचे गृहस्थ आधी भराभर उत्तरं देत होते, मग सावकाश, मग थांबले.

"आवं सुभेदार," ते म्हणाले, "पोरगी तुमची हाय का काय?"

सुभेदार पडद्याकडे बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "म्होरं सांगा."